कौतिकाबाईंच्या छतावरचं थिएटर

"अबे, माणसं उलटी काऊन लटकून राह्यली? हे नाटक व्हय का वटवाघळाचं झाड?"

कौतिकाबाई खाटेवर आडव्या, डोळे छताकडे, आणि आवाज असा की शेजारच्या कोंबड्या उडून कौलांवर जाऊन बसल्या. वर छतावर एक राजा डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत दरबार भरवत होता. उलटा प्रधान उलट्या राजाला मुजरा करत होता आणि एवढं होऊनही कोणाचा मुकुट खाली पडत नव्हता, याचंच मला नवल वाटत होतं. मी प्रोजेक्टरमागे गुडघे टेकून बटणं दाबत होतो. बाईंचे थोरले चिरंजीव विलाससाहेब हातात मोबाइल घेऊन मला इंटरनेटवरून प्रोजेक्टर शिकवत होते.

"नगराळेभाऊ, कीस्टोन करा, कीस्टोन!"

"साहेब, कीस्टोननं वाकडी चौकट सरळ होते. राजा सरळ होत नाई."

"मंग फोकस करा."

"फोकस केला तं राजा उलटाच राहील. फक्त चांगला साफ उलटा दिसंल."

"तुमचं दोघायचं भांडण होऊ द्या निवांत," बाई खालून म्हणाल्या. "तवरिक माही खाट फिरवा. मी उलटी होतो, राजा होईन सुलटा."

त्या दिवशी मी खाट फिरवली नाही. धंद्याची काही इभ्रत असते. पण हा राजा उलटा का झाला आणि मुळात छतावर चढला कसा, ते सुरुवातीपासून सांगायला हवं.

संपादकांनी माझ्याकडे 'घरच्या थिएटरसाठी स्वस्तातला प्रोजेक्टर कसा निवडावा' या विषयावर मार्गदर्शनपर लेख मागितला आहे. मार्गदर्शन! चंद्रपुरात माझं दुकान होतं तोवर माझं मार्गदर्शन ऐकायला एक माणूस थांबला असेल तर शपथ. लोक येत ते सगळं ठरवूनच येत. कधी मेव्हण्यानं सांगितलेलं असे, कधी मोबाइलनं. आणि मेव्हण्यानं मोबाइलवर दाखवलेलं असलं तर प्रत्यक्ष यमराज रेड्यावरून उतरून विनवण्या करता, तरी गिऱ्हाईक ढिम्म हललं नसतं. मी आधी व्हिडिओ कॅसेटी भाड्यानं दिल्या, मग लग्नांत भोंगे लावले, मग घरांवर डिशच्या छत्र्या ठोकल्या, शेवटी प्रोजेक्टर विकले. पण ते सगळं सांगत बसलो तर हा अंक पुढच्या दिवाळीला निघेल. म्हणून फक्त कौतिकाबाईंचं छत सांगतो. मार्गदर्शन त्यातच आलं.

आधी खोक्यावरच्या थापांचा समाचार घेतो. मी स्वतः थापा मारणारा माणूस आहे, हे बल्लारपूरपासून अहेरीपर्यंत कोणीही सांगेल. पण स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावर जे छापलेलं असतं ते वाचून मलासुद्धा लाजल्यासारखं होतं. उजेड मोजायचं माप म्हणजे ल्युमेन. इमानदारीचं माप ते, जे भिंतीवर प्रत्यक्ष पडलेला उजेड मोजतं. हे खोकेवाले मोजतात आतल्या दिव्याचा उजेड, आणि तोही दिव्याच्या सासऱ्यानं मोजल्यासारखा. त्यांचे आकडे खरे मानले, तर ऊर्जानगरच्या वीज केंद्रानं आपल्या चिमण्या थंड करून चौकात एक प्रोजेक्टर मांडून ठेवावा. अख्खा जिल्हा त्या उजेडात धान कापेल.

दुसरी थाप 'फोर-के सपोर्टेड'. म्हणजे मोठं, बारीक तपशिलाचं चित्र हा प्रोजेक्टर आत घेतो. बाहेर काढताना मात्र स्वतःच्या कुवतीप्रमाणं काढतो. आता पुरणपोळी मलाही सपोर्टेड आहे. म्हणजे मी खाऊ शकतो. करून दाखव म्हटलं तर बायकोला हाक मारीन. यंत्राची स्वतःची कुवत किती ते 'नेटिव्ह' या शब्दापुढे लिहिलेलं असतं. तो शब्द खोक्याच्या बुडाला, जिथे मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरात छापतात. तो वाचावा. बाकीचं खोकं चूल पेटवायला चांगलं.

मी गिऱ्हाइकाला तीन गोष्टी विचारत असे. पाहणार कोण, कुठून पाहणार आणि किती उजेडात पाहणार. त्यावर गिऱ्हाईक मलाच विचारे, "किती इंच?"

अहेरीकडच्या बांबूच्या एका ठेकेदारानं भर दुपारी, उघड्या अंगणात, दोन खांबांना चादर बांधून क्रिकेटची मॅच लावली. गावजेवणासारखी पंगत बसवली. मग मला फोन.

"नगराळे, चित्र काऊन दिसत नाई?"

"भाऊ, वर सूर्य हाये."

"मंग त्याच्यापेक्षा भारी मॉडेल पाठवा."

मी म्हटलं, "तो माल सध्या स्टॉकमंदी नाई." माणूस दोन दिवस वाट पाहत होता म्हणतात.

ऊर्जानगरच्या एका क्वार्टरात हळदी रंगाची भिंत होती. तिच्यावर येणाऱ्या प्रत्येक नटाला कावीळ. नायिकेला, खलनायकाला, नायकाच्या घोड्यालासुद्धा. त्या घरच्या बाई म्हणाल्या, मशीन बदलून द्या. मी म्हटलं, चुना आणा. त्यांना मी माजोरडा वाटलो आणि त्यांनी दुसऱ्या दुकानातून दुसरं मशीन घेतलं. मग घरात कावीळ झालेली दोन मशीनं झाली.

तर असल्या गिऱ्हाइकांत विलाससाहेब म्हणजे मेरुमणी. वीज केंद्राच्या कचेरीत नोकरी, खिशाला तीन पेनं, आणि जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल ती वस्तू बनवणाऱ्यापेक्षा जास्त माहिती. राहायला ऊर्जानगरात. आई मात्र बल्लारपुरात धाकट्या दिलीपकडे. दिलीप कोळशाच्या खाणीत पाळीवर, म्हणजे घरात तो असून नसल्यासारखा. आईचं सगळं करायची त्याची बायको मंदा.

कौतिकाबाई धुण्याच्या टाक्याजवळ पाय घसरून पडल्या आणि पाठीचा मणका दुखावला. डॉक्टरांनी पाठीवर सपाट निजवलं, गळ्यात पट्टा घातला, मान इकडची तिकडं करायची नाही म्हणून ताकीद दिली. उठून बसतील की नाही, ते पुढचं पुढे. कमरेखालचं सगळं काम बंद पडलं. जीभ मात्र ओव्हरटाइम करत होती.

या बाई म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांच्या नादी लागलेल्या. बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की आमच्याकडे धान घरात आलं की गावोगाव नाटकं होतात. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री मंडपात नाटक, आणि त्यासाठी घरोघर पाहुणे. एका गावाचं नाटक म्हणजे पंचक्रोशीचे जावई, साळे, विहीण सगळे हजर. कौतिकाबाई टेम्पोभर बाया घेऊन जायच्या. नाटकवाल्यांनी जेवढी नाटकं केली नसतील तेवढी या बाईंनी पाहिली. एकदा नट वाक्य विसरला तेव्हा यांनी खालून ओरडून सांगितलं. एवढंच नाही, तर वाक्य चुकीचं बोलला म्हणून पुन्हा म्हणायला लावलं, असं त्या स्वतः सांगत. त्या थापा माझ्यापेक्षा चांगल्या मारतात, म्हणून मी विश्वास ठेवला.

अशी बाई आता छत पाहत पडलेली.

भेटायला माणसं येत. खाटेजवळ उभी राहत, विहिरीत डोकावावं तशी वाकून पाहत, "काळजी घ्या जी" म्हणत आणि चहा पिऊन निघून जात. बाई मला म्हणाल्या, "अगा भाऊ, लोकायच्या नाकातले केस पाहून पाहून जीव कटाळला. आता मले माणूस नाकपुडीवरून वळखू येते."

विलाससाहेबांनी आईसाठी आधी भिंतीवर भलामोठा टीव्ही लावला. मान न वळणाऱ्या बाईला भिंत कुठून दिसणार? त्या टीव्ही नुसता ऐकत. किंकाळी आली की विचारत, "मंदा, कोण मेला वं?" मंदा भाकरी थापता थापता सांगायची, "नवरा मेला." "कोनाचा?" "ते मले का मालूम!" असं मनोरंजन.

मग साहेबांनी इंटरनेटवरून एक स्वस्त प्रोजेक्टर मागवला. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा आणि भोंगा डासासारखा. चित्र म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. तेही लावलं कुठे? त्याच भिंतीवर, टीव्ही काढून. चित्र फिकं दिसतं म्हणून मला बोलावणं आलं.

मी घरात शिरलो तेव्हा साहेब मला ल्युमेनवर भाषण देत होते. खाटेवरून आवाज आला, "नगराळे तूच का? तुया दुकानातून आमचा दिलीप लग्नाची कॅशेट घेऊन गेला होता, त्याच्यात अर्धं लग्न दुसऱ्याचंच निघालं."

"बाई, ते जाऊ द्या. आता काय पाह्यजे ते सांगा."

"माये डोळे जिथी हायेत तिथी लाव ना, बापा. वर. त्या छतावर ओलीचा डाग हाये. त्याले मी हत्ती समजून पाह्यलं, बैल समजून पाह्यलं. आता तं तो विलासच्या सासऱ्यासारखा दिसून राह्यला. किती पाहू?"

छतावर टीव्ही टांगता येत नाही. आला तरी त्याच्याखाली झोपायला छातीच पाहिजे. प्रोजेक्टरचं मात्र तसं नाही. तोंड वर केलं की चित्र वर. विलाससाहेब म्हणाले, "छतावर? लोक काय म्हणतील? होम थिएटर म्हणतात त्याले." बाई म्हणाल्या, "लोकायले म्हणा, नाकातले केस कापून या."

आता मार्गदर्शन घ्या, संपादकसाहेब. तोंड वर करून ठेवायचा तर जुन्या धाटणीचा, तापणाऱ्या बल्बचा प्रोजेक्टर चालत नाही. तो उभा केला की बल्बच्या जिवावर बेततं. एलईडीचा घ्यावा. यंत्र उशाजवळ राहणार, म्हणजे पंखा शांत पाहिजे, नाहीतर नाटकात सगळ्या पात्रांच्या मागे एक ट्रक उभा असल्यासारखं वाटतं. हवा जायच्या जाळ्या कुठे आहेत ते पाहावं, त्या खाली दबायला नकोत. आमच्या भागात कोळशाची काळी पूड सगळीकडे बसते, म्हणून जाळी उघडून पुसता येते का ते विचारावं. अंतर मोजून किती मोठं चित्र पडेल ते घ्यायच्या आधी पाहावं. असलं एक यंत्र मी दुकानातून आणून बाईंच्या उशाशी स्टुलावर ठेवलं, आणि तिथून स्लॅबपर्यंतच्या अंतरात मला खाटेएवढं चित्र मिळत होतं. खाटेवरच्या माणसाला खाटेएवढं चित्र, याहून जास्त मागणारा हावरट.

आणि उजेड? साहेबांना अजून ल्युमेन हवेच होते. मी म्हटलं, "साहेब, उजेड इकत घेऊ नका, अंधार घ्या. खिडकीवर घोंगडी टाका. अंधार लय स्वस्त पडते." धंदा करणाऱ्या माणसानं असलं बोलू नये. पण साहेबांनी त्या आधी तासभर माझं डोकं खाल्लं होतं आणि त्यांना महाग माल विकण्याचं सुखसुद्धा मला नको झालं होतं.

राहिला छताचा पंखा. तो नेमका मधोमध. पहिल्या चाचणीत लढाईचा सिनेमा लावला, तर पंख्यानं घोड्याचे पाय कापले, मग सेनापतीचं मुंडकं, मग सेनापतीच्या आईचं. बाई खूश होऊन म्हणाल्या, "लढाई चांगली चालू हाये." पंखा काढला, दुसऱ्या खिडकीत कूलर बसवला. छत पांढरं करायचं काम मंदानं टेबलावर चढून केलं आणि देखरेख खाटेवरून झाली. "सासऱ्याच्या थोबाडावर अजून एक हात मार. नाई, नाई, नाकावर. हां. आता गेला."

मग तो दिवस, जिथून मी सुरुवात केली; झाडीपट्टीच्या एका नाटकाचं रेकॉर्डिंग लावलं होतं. उलटा राजा. बाईंनी खाट फिरवायला सांगितली, साहेबांनी मोबाइलवरून तोडगा सांगितला आणि मी मेन्यूत चित्र उलटवायची सोय शोधत होतो. ती एकदाची सापडली, तर राजा सुलटा झाला, पण डाव्या हाती तलवार आणि पोशाखाची गुंडी उजवीकडून डावीकडे. आरशातला राजा. दुसऱ्यांदा दाबलं आणि दरबार जागेवर आला.

कौतिकाबाई गप्प बसल्या. इतक्या गप्प, की मंदा स्वयंपाकघरातून पळत आली आणि त्यांच्या नाकाशी बोट धरून श्वास आहे का पाहिलं.

"बोट काढ," बाई म्हणाल्या. "राणी येऊन राह्यली."

पुढचं माझ्या धंद्याच्या कुठल्याही पुस्तिकेत नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेवंताबाई आल्या. उभ्या राहिल्या, वर पाहिलं, थोड्या वेळानं मान धरून कण्हायला लागल्या. कौतिकाबाई म्हणाल्या, "मान मोडून घेशीन. निज ना इथी खाली." शेवंताबाई चटई टाकून निजल्या. तिसऱ्या दिवशी त्यांची नणंद आली, मग समोरची, मग त्या समोरचीची विहीण. छतावरचं चित्र पाहायचं तर आडवं व्हावं लागतं, आणि सुलटं पाहायचं तर सगळ्यांची डोकी एकाच बाजूला लागतात. कधी दुपारी गेलो तर त्या खोलीत खाटेच्या दोन्ही अंगांना बाया अशा निजलेल्या, जशा बांधावर धानाच्या पेंढ्या. पदर नीट, पाय झाकलेले, सगळ्यांचे डोळे वर आणि सगळ्यांची तोंडं चालू.

"हा राजा लय बाईलवेडा दिसून राह्यला."

"तुया नवऱ्यासारखा."

"माह्या नवऱ्याले मुकुट कुठी हाये?"

"टक्कल हाये ना. चमकते तसंच."

नाटक कमी, निंदा जास्त. कौतिकाबाईंच्या जिभेला गिऱ्हाईक मिळालं होतं आणि ते आता चहा पिऊन उठून जात नव्हतं. एवढी मोठी टोळी आपल्या दुकानदारीनं एका छताखाली आडवी पडली, हे पाहून मला वाटलं, आपल्याला एखादा पुरस्कार मिळायला पाहिजे. कोणी दिला नाही. जिल्ह्यात गुणग्राहक उरलेले नाहीत.

इकडे विलाससाहेबांनी कचेरीत सांगून ठेवलं होतं, "बल्लारपूरच्या घरी होम थिएटर केलं." हे ऐकून त्यांचे वरिष्ठ इंजिनिअर एका रविवारी बायकोला घेऊन पाहायला आले. मला मुद्दाम बोलावलं होतं, यंत्राची माहिती द्यायला. साहेबांनी आईच्या मैत्रिणींना त्या दिवशी येऊ नका म्हणून निरोप पाठवला. अर्थातच त्या सगळ्या नेहमीपेक्षा लवकर आल्या.

इंजिनिअरांना खुर्ची दिली. त्यांनी मान मागे टाकून वर पाहिलं. तोंड आपोआप उघडं पडलं. त्यात डास गेला. ठसका लागला. कौतिकाबाई म्हणाल्या, "अगा साहेब, निजा ना. लाजता काऊन? इथी सगळ्या तुमच्या मायच्या वयाच्या हायेत." शेवंताबाईंनी चटई सरकवून जागा केली. इंजिनिअर इस्त्रीची पँट सांभाळत, खिशातल्या चाव्या काढून ठेवत, आडवे झाले. त्यांची बायको भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसली आणि नवऱ्याला ओळखत नसल्यासारखी बसून राहिली.

छतावर राणी विष पीत होती. मी तिचे रंग किती खरे येतात ते इंजिनिअरांना सांगत होतो. तेवढ्यात घोरणं सुरू झालं. वीज केंद्राची टर्बाइन लाजली असती असं. राणीचं शेवटचं भाषण त्यात वाहून गेलं. बायांनी तोंडात पदर कोंबले. कौतिकाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "राणी मेली अन् हा झोपला. याले वीज केंद्रात कामाले ठेवलं?"

पाहुणे गेल्यावर विलाससाहेबांचा चेहरा असा झाला होता, जसा बल्ब जायच्या आधी प्रोजेक्टर लाल होतो. माझ्याकडे वळून म्हणाले, "हे छताचं नाटक बंद. घरी मोठे लोक येतात, त्यायले आडवं पाडता तुमी? नगराळेभाऊ, हे मशीन भिंतीवर लावा. सोफा आणतो मी. लोक बसून पाहतील, सभ्य माणसासारखे."

"अन् तुमची आई?"

"आई ऐकंल. टीव्ही ऐकत नव्हती का?"

 बाया एकेक करून उठल्या. चटया गुंडाळून काखेत मारल्या, पण निघून कोणी गेली नाही. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.  कौतिकाबाई काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली. निदान मला तरी दोन शिव्या. नाही. त्या फक्त वर पाहत होत्या. तिथे आता चित्र नव्हतं, नुसता मंदानं मारलेला पांढरा चुना होता.

दारात मंदा उभी. भासरे घरात असले की ती दारातच उभी असायची. आमच्याकडे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर सून खुर्चीवरसुद्धा बसत नाही, मग आडवं होणं तर सोडाच. त्यामुळे साहेब येत त्या दिवशी ती उंबरठ्यात उभी राहून, मान वर करून, पाठ खांबाला टेकवून नाटक पाही. त्या रविवारी तर सकाळपासून तिचं पाहुण्यांचं रांधणं चाललेलं होतं.

आता ऐका. तो प्रोजेक्टर भिंतीवर चालला असता. छतावर चालला असता, जमिनीवर, म्हशीच्या पाठीवर चालला असता. मी स्टुलाजवळ गेलो, यंत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि जबाबदार माणसासारखी मान हलवली.

"साहेब, हा भिंतीवर नाई चालत."

"काऊन?"

"हा ऊर्ध्वमुखी मॉडेल हाये."

"म्हणजे?"

"म्हणजे याचा सगळा वारा तोंडाकडून बुडाकडे वाह्यते. वर तोंड असलं तं ठीक. आडवं केलं का वारा मधात अडकते, अन् मग काचेले आतून घाम येते. एकडाव घाम आला का संपलं. कंपनीबी हात वर करते."

"असं इंटरनेटवर तं कुठी लिहिलं नाई."

इथेच सगळी मेख होती. मी आवाज खाली आणला. एका जाणत्यानं दुसऱ्या जाणत्याशी बोलावं तसा.

"साध्या लोकायसाठीच्या पानावर नाई लिहीत, साहेब. टेक्निकल पानावर असते. तुमी ते वाचलं असंन."

विलाससाहेबांनी घटकाभर माझ्याकडे पाहिलं. मग बायांकडे पाहिलं. मग खिशातल्या तीन पेनांवरून हात फिरवला.

"हो, हो," ते म्हणाले. "घामाचं. वाचलं होतं मी. उलट मीच तुमाले विचारणार होतो."

"तुमाले का सांगायचं मी!"

"बरोबर हाये. ऊर्ध्वमुखीले आडवं करणं धोक्याचंच."

मी यंत्र पुन्हा स्टुलावर ठेवलं, तोंड वर केलं, खिडकीवरची घोंगडी ओढली आणि नाटक पुन्हा लावलं. राणी जिथे मेली होती तिथून पुढं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं, काखेतल्या चटया सोडल्या, खाटेच्या दोन्ही बाजूंना पुन्हा एक-एक आडव्या झाल्या. शेवंताबाईंनी निजता निजता माझ्या पायाला चिमटा काढला. तो आभार होता की आणखी काही, ते त्यांचं त्यांना माहीत.

विलाससाहेब मधोमध उभे. त्यांना काय करावं कळेना. निजावं तर अब्रू जाते, जावं तर हरल्यासारखं दिसतं. मोठ्या मुलाचा थाट परत मिळवावा म्हणून की काय, ते खाटेजवळ गेले, आईच्या तोंडावर वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आई, तुले याच्यापेक्षा मोठा घेऊन देऊ का? जास्त ल्युमेनचा? सांग तू. आजच्या आज मागवतो."

माझे कान टवकारले. शेवटी मी दुकानदार. माझ्या पिशवीत नव्या मॉडेलचं माहितीपत्रक होतंच, आणि हात पिशवीत गेलाही होता.

कौतिकाबाईंनी छतावरची नजर काढली नाही.

"चटई आण एक," त्या म्हणाल्या. "मंदा उभी हाये."